दोन्ही गोल निळेच का?

प्रश्न: जावास्क्रिप्ट शिकतोय. कॅनव्हासवर (वेबपानावरची चित्र काढायची जागा) आधी लाल गोल भरला, मग फिलस्टाईल (भरायचा रंग) निळी करून शेजारी दुसरा काढला तर पहिलापण निळा झाला! असं का?

उत्तर: अहो, बिगिनपाथ (नवा पाथ सुरू करायची आज्ञा) विसरलात, सगळ्यांचंच होतं हे. कॅनव्हास जुना पाथ (म्हणजे आखलेल्या आकारांच्या रेषा) आपणहून पुसत नाही, फिल म्हटलं की त्यात आत्तापर्यंत जे जे साठलंय ते सगळं परत रंगवतो, त्यामुळे लालवर निळा थर बसला. प्रत्येक गोलाआधी बिगिनपाथ लिहा, बास. क्लोजपाथने काम होत नाही बरं का, तो फक्त रेघ सुरुवातीच्या बिंदूला नेऊन जोडतो (नावच फसवं आहे). फिलरेक्ट (थेट चौकोन भरायची आज्ञा) मात्र या पाथला हातच लावत नाही, म्हणून चौकोन भरताना हा घोळ तुम्हाला कधी दिसला नसेल.