गर्भाशय काढण्याआधी मूत्राशय तपासा

प्रश्न: वय ३८. दीड वर्ष ओटीपोटात दुखतंय. सारखी लघवीला लागते, रात्रीही तीन-चारदा उठते. संबंधांच्या वेळी त्रास होतो, त्यावरून नवरा नाराज. इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक्सचे चार कोर्स झाले. सोनोग्राफी नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात, गर्भपिशवी काढून टाका. काढू का?

उत्तर: ताई, एवढ्यात तारीख घेऊ नका. सोनोग्राफी नॉर्मल असताना गर्भपिशवी कशासाठी काढायची, हे आधी त्यांना विचारा.

लघवी साठत गेली की दुखणं वाढतं आणि होऊन गेली की थोडा वेळ बरं वाटतं का? तसं असेल तर संशय मूत्राशयावर घ्यायचा. जंतू नसताना सहा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या अशा दुखण्याला ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात. त्यावर अँटिबायोटिक्सचा उपयोग नाही.

तीन दिवस नोंद ठेवा. बाथरूममध्ये मापाचा मग ठेवून दर वेळी लिहा: किती वाजता, किती मिली, दुखणं दहापैकी किती, आधी काय प्यायलात. एरवी मूत्राशयात ३०० ते ५०० मिली सहज मावते. तुमचा आकडा शंभराच्या आसपासच घुटमळत असेल तर तो कागद यूरोलॉजिस्टला (मूत्रविकारतज्ज्ञाला) दाखवा. फायलीतल्या निम्म्या रिपोर्टांपेक्षा तो कामाचा.

युरिन कल्चर (लघवीत जंतू वाढतात का, ही तपासणी) अँटिबायोटिक्स चालू नसताना करा, पहिली धार सोडून मधली लघवी द्या. पस सेल्स (पू-पेशी) आहेत पण कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, असं आलं तर टीबीची तपासणी मागून घ्या. आपल्याकडे नेमकी तीच राहून जाते. लघवीतून रक्त गेलं तर मूत्राशयाची दुर्बिणीची तपासणी लांबवू नका. तीत हनरचे व्रण (या आजारात मूत्राशयाच्या आतून दिसणारे लालसर चट्टे) दिसले, तर ते जाळल्यावर पुष्कळ जणींना आराम पडतो. पाळीत दुखणं वाढत असेल तर एंडोमेट्रिओसिसबद्दलही (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) विचारा. साध्या सोनोग्राफीत तो सुटू शकतो, आणि दोन्ही आजार एकत्रही असतात.

तोवर चहा, कॉफी, लिंबू, टोमॅटो, सोडा आणि झणझणीत तिखट तीन आठवडे बंद. मग तीन-तीन दिवसांनी एकेक सुरू करून बघा, कशाने भडकतं ते कळेल. (चहाचं जड जाईल, माहीत आहे.) पाणी मात्र तोडू नका. लघवी दाट झाली की जास्तच झोंबते.

केगलचे (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे) व्यायाम करत असाल तर थांबवा. या दुखण्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बहुधा आधीच आवळलेले असतात, संबंधांच्या वेळचा त्रासही बऱ्याचदा त्यातूनच येतो. ते सैल करायला पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे याच स्नायूंचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोधा. आणि यूरोलॉजिस्टकडे जाताना नवऱ्याला सोबत न्या, त्रासाचं कारण त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे.