मुलगा अबोल, म्हणून गोलकीपर नको?

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा. म्हापशाजवळच्या एका फुटबॉल अकादमीत गोलकीपर म्हणून खेळतो. यंदा तिथे सगळ्या मुलांकडून व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली. याच्या अहवालात चार अक्षरं आली, आय-एस-एफ-पी, आणि खाली शेरा : अंतर्मुख, संघर्ष टाळणारा. कोच म्हणतात, असा मुलगा बचावफळीला ओरडून सांगणार कसा? त्याला राखीवमध्ये बसवलंय. खरं सांगायचं तर अहवाल वाचून आम्ही दोघं चकित झालो, इतका तो जुळतो. मग कोचचं बरोबर मानायचं का? – एक वडील, डिचोली

उत्तर : आधी तुमच्या त्या 'इतका जुळतो'कडे बघू. १९४८ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्राचे प्राध्यापक बर्ट्राम फोरर यांनी वर्गात एक चाचणी घेतली आणि मग प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. किती जुळतं, पाचपैकी गुण द्या म्हणाले. सरासरी आली ४.२६. नंतर उघड झालं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि तोही भविष्याच्या पुस्तकातून जमवलेला! बाहेरून शांत दिसता पण आतून धास्तावलेले असता, असं कुणालाही सांगून बघा, मान डोलावेल. तुम्ही असं करा, अहवालावरचं नाव झाकून तो शेजारच्या त्याच वयाच्या मुलाच्या आईला वाचायला द्या. ती काय म्हणते ते मला कळवा.

आता ती चार अक्षरं. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथाचा आधार घेऊन कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत उभी केली. तिच्यात माणसांचे सोळा प्रकार पाडले आहेत. पण ही चाचणी विकणारी कंपनी स्वतःच बजावते की उमेदवार निवडायला ती वापरू नका. शिवाय स्वभावाच्या बाबतीत बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यात असतात. चाचणी मध्ये रेघ मारते आणि त्यांना इकडे नाहीतर तिकडे ढकलते. म्हणूनच काही आठवड्यांनी पुन्हा भरली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. तुमच्या मुलाचा 'आय', म्हणजे अंतर्मुखपणाचं अक्षर, त्या रेघेपासून किती लांब आहे, हे कोचना विचारलंत का?

खेळातलं हे वेड जुनं आहे. १९६० च्या दशकात ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टुटको या मानसशास्त्रज्ञांनी खास खेळाडूंसाठी प्रश्नावली काढली. जिद्द, आक्रमकता, प्रशिक्षकाचं ऐकण्याची तयारी, अगदी अपराधी वाटून घेण्याची सवयसुद्धा ती मोजायची. प्रशिक्षकांना ती आवडली. कोण चमकेल हे तिच्यावरून ओळखता येतं याचा भक्कम पुरावा मात्र पुढे आला नाही.

कोचची शंका तेवढी मी उडवून लावणार नाही. गोलकीपरला ओरडावं लागतंच. कॉर्नरला हाक वेळेवर गेली नाही तर आपलाच बचावपटू अंगावर येतो. पण हाक देणं सरावाने येतं. पेडण्याकडे दिवसभर तोंड न उघडणारा माणूस रात्री दशावतारात राजा होऊन अख्खं देऊळ दणाणून सोडतो, तेव्हा त्याचा स्वभाव बदललेला नसतो.

कोचशी भांडू नका. मागच्या सामन्यांचं मोबाइलवर चित्रण असेल तर त्यांच्यासोबत बसून बघा. उंच चेंडूला पोरगा पुढे आला का? हाक दिली का? गोल खाल्ल्यावर पुढची पाच मिनिटं कसा उभा होता? तिथे उणं निघालं तर राखीवमध्ये बसणं रास्त आहे, निदान कशावर मेहनत घ्यायची ते तरी कळेल. केवळ अक्षरांवरून बसवलं असेल, तर तसं लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की माणसं पुन्हा विचार करतात.

प्रश्न : रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेय. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागासाठी अर्ज केलाय. त्यांच्या चाचणीत 'मी कधीच खोटं बोलत नाही', 'मला कधीच राग येत नाही' अशी विधानं असतात म्हणे. मैत्रीण सांगते, सगळीकडे आदर्श उत्तर दे. देऊ? – एक वाचक, शिरोडा

उत्तर : बाय, नको. ती विधानं बऱ्याचदा सापळाच असतात. कधीच राग न येणारा माणूस जगात नाही, त्यामुळे अशा सगळ्या विधानांना 'होय' म्हणणाऱ्याची बाकीची उत्तरंही संशयित ठरतात. राग येतो, खुशाल लिही.

कंपनीचं सगळंच खुळं आहे असंही नाही. बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात काम नेटाने आणि काटेकोरपणे करण्याचा गुण जवळपास सगळ्याच नोकऱ्यांत उपयोगी दिसला. पण किती? शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण, अशा मापावर असे सहसंबंध ०.२ च्या आसपास असतात. वर्ग कर, ०.०४ येतात. माणसामाणसांच्या कामगिरीतल्या फरकाचे जेमतेम चार टक्के. तेवढ्यावर कुणाला घरी पाठवणं मला पटत नाही. समोर एचपीएलसीचा, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख ठेवून 'यात काय बिघडलंय?' विचारणारा साहेब तुला अधिक चांगलं ओळखेल. तशी परीक्षा घ्या, असं मुलाखतीत तूच सुचव.

आणि प्रश्न झोप, औषधं, देवधर्म यांकडे वळले, तर याचा कामाशी संबंध काय, असं शांतपणे विचार. मनोविकारांच्या निदानासाठी बनवलेली एक प्रसिद्ध प्रश्नावली बढतीसाठी वापरली, तेव्हा २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने ती वैद्यकीय तपासणीच ठरवली होती.

प्रश्न : भाचा एस.एस.बी.ला, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या निवड चाचणीला, बसतोय. शब्दांवरून वाक्यं लिहायची असतात, त्यांची तयार वही क्लासवाल्याने दिलीय. पाठ करू दे का? – एक मामा, वाळपई

उत्तर : साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. एवढ्यात पाठ केलेलं आठवत बसला तर शब्द निसटतील, आणि वहीतली वाक्यं मानसशास्त्रज्ञाने आधी शंभरदा वाचलेली असतील. शिवाय तिथे गटाची मैदानी कामं आणि मुलाखतही असते. तिन्हींतून एकच माणूस दिसतो का, हे तपासलं जातं. वही बाजूला ठेवा. घड्याळ लावून त्याला स्वतःची वाक्यं लिहू द्या, वाकडीतिकडी का होईनात.