जखम गेली, मग जंतू राहिला कसा?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. म्हापशाजवळच्या गावात राहतो, नाव छापू नका. बायकोला चौथा महिना चालू आहे, हेल्थ सेंटरवर तिचं रक्त तपासलं तर व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी, रिअ‍ॅक्टिव्ह आलं, मग खात्रीची टीपीएचए तपासणी पण पॉझिटिव्ह. माझं पण तसंच. दोन वर्षांमागे शिगम्याच्या दिवसांत मला लिंगावर छोटी जखम झालेली, दुखत बिखत नव्हती, फार्मसीतून मलम आणून लावलं, महिन्याभरात गेली. मग हा रोग आत राहिला कसा? बायकोला जखमेचं सांगितलेलं नाही, ती विचारते पब्लिक टॉयलेटमधून आलं का.

उत्तर : टॉयलेटचं आधी संपवतो. नाही. सिफिलिसचा जंतू शरीराबाहेर कोरडा पडला की टिकत नाही, तो येतो संबंधांतून, आणि आईकडून पोटातल्या बाळाला.

आता जखम. ती मलमाने गेली नाही हो, ती ३ ते ६ आठवड्यांत आपोआपच भरते, आणि दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जातच नाही, कितीतरी लोक इथेच फसतात. खरं म्हणजे जखम दिसते तोवर जंतू पुढे निघून गेलेला असतो. संसर्गानंतर जखम यायला साधारण ३ आठवडे लागतात, पण सशांवरच्या प्रयोगांत तो काही तासांतच रक्तात सापडलाय.

एवढ्या लवकर कसा जातो ते सांगतो. ट्रेपोनेमा पॅलिडम त्याचं नाव, १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी शोधला. जाडी फक्त ०.२ मायक्रॉनच्या आसपास, अंग पिळदार. बऱ्याच जंतूंची पोहायची शेपटी बाहेर असते, याची दोन आवरणांच्या मध्ये लपलेली, त्यामुळे ती फिरली की सगळा जंतूच बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखा गिरक्या घेत पुढे सरकतो, अगदी घट्ट पेशीजालातून सुद्धा. नाजूक त्वचेवर डोळ्यांना न दिसणारी खरचट पुरते.

पण नुसतं फिरून भागत नाही, धरायला काहीतरी लागतं. आपल्या पेशींच्या भोवती फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन अशी प्रोटीन्स असतात, जंतू नेमका त्यांनाच पकडतो. १९७० च्या दशकात प्रयोगशाळेत दिसलं की जिवंत जंतू टोकाने पेशीला चिकटतात, मेलेले चिकटत नाहीत. त्याच्याकडे चिकटायची प्रोटीन्स बरीच आहेत, त्यातलं टीपी ०७५१ मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते एका दुसऱ्या, नीट न चिकटणाऱ्या जंतूत घातलं तर तो वाहत्या द्रवात सुद्धा रक्तवाहिनीच्या पेशींना धरून राहू लागला. असं धरून तो पेशींच्या सांध्यांतून पलीकडे जातो, रक्तातून त्वचा, डोळे, मेंदू, आणि गरोदरपणी वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत. शिवाय त्याच्या बाहेरच्या आवरणावर प्रोटीन्स फारच थोडी, त्यातलं एक तर तो सारखं बदलत राहतो, म्हणून आपली प्रतिकारशक्ती जखमेतले बहुतेक जंतू साफ करते पण लपलेले वर्षानुवर्षं राहतात.

आता घाबरून बसू नका, पण एक दिवस पण घालवू नका. पेनिसिलिनला हा जंतू अजूनही दाद देतो. बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, कमरेत. संसर्ग जुना असेल किंवा कधीचा ते कळत नसेल तर दर आठवड्याला एक अशी ३ इंजेक्शनं देतात. गरोदर बाईचा डोस चुकला तर कोर्स परत पहिल्यापासून करावा लागतो, तेव्हा तारखा सांभाळा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. पहिल्या इंजेक्शननंतर दिवसभरात ताप, अंगदुखी येऊ शकते, पण तिला पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच इस्पितळात न्या.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, त्वचा-गुप्तरोग विभाग आहे, दोघं एकत्र जा. आणि त्या जखमेचं तिला आजच सांगा, स्वतःच्या तोंडाने, कारण तिच्या पोटात बाळ आहे आणि तिला खरं कळायचा पूर्ण हक्क आहे. दोघांचे उपचार पुरे होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत संबंध बंद. नंतर व्हीडीआरएल परत करून आकडा उतरतोय का बघतात. बाळंतपणाला जाताना हे सगळे पेपर्स सोबत न्या, बाळाचं पण रक्त तपासावं लागेल.