हेपरिनचं कोटिंग: मुलामा, लेप, कल्हई की कलम?

रत्नागिरीच्या एका ताई डायलिसिसच्या कॅथेटरचं (शरीरात बसवायच्या नळीचं) माहितीपत्रक पेशंटसाठी मराठीत करतायत आणि 'हेपरिन कोटेड'पाशी अडल्यात. हेपरिन म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध. त्यांनी 'हेपरिनचा मुलामा दिलेला' असं लिहिलंय, ते बरोबर आहे का, आणि 'ब्लड कम्पॅटिबल'ला 'रक्तसुसंगत' चालेल का, असं विचारतायत.

ताई, मुलामा नको. मुलामा म्हटलं की पितळेवर सोन्याचं पाणी, वर एक नि आत भलतंच. आधीच धास्तावलेल्या माणसाला वाटेल काहीतरी लपवलंय. थरही नको, कारण थर साचतो आणि इथे काही साचू नये म्हणूनच तर सगळा खटाटोप. प्लॅस्टिकला रक्त लागलं की काही सेकंदात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं त्यावर बसतात, त्यांना प्लेटलेट्स चिकटतात आणि रक्त साकळायला लागतं. (हा 'साकळणं' शब्द जरूर वापरा, गोठणं बर्फालाही चालतं, साकळणं म्हटलं की रक्तच डोळ्यासमोर येतं.)

अर्थाने सगळ्यात जवळचा शब्द कल्हई. आमच्याकडे देवरुखला कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमसुलाचं सार राहिलं की कळकायचं, मग कल्हईवाला यायचा, भात्यावर पातेलं तापवून नवसागर टाकायचा, कथील लावायचा आणि कापसाच्या बोळ्याने आतून असा भराभर फिरवायचा की बघताबघता पातेलं चांदीसारखं व्हायचं. पण ती कल्हई शोभेची नव्हे, धातू आणि आंबट एकमेकांना लागू नयेत म्हणून. कोटिंगचं कामही तेच, फक्त पत्रकात कल्हई लिहिलं तर लोकांना कथीलच आठवेल, म्हणून छापायला 'लेप' बरा.

आता लेपातही फरक आहे. 1963 मध्ये व्हिन्सेंट गॉट या अमेरिकन हृदयशल्यविशारदांनी प्लॅस्टिकवर आधी ग्राफाइट, मग बेन्झाल्कोनियम हे धन विद्युतभाराचं रसायन आणि त्यावर ऋणभाराचं हेपरिन असं बसवलं होतं. हेपरिन असं नुसतं विद्युतभाराच्या ओढीने धरलेलं असेल तर रक्ताच्या प्रवाहात हळूहळू सुटून जातं. नंतर हेपरिनचा रेणू एका टोकाने रासायनिक बंधाने पक्का बांधायची पद्धत आली, दुसरं टोक मोकळं, म्हणजे रक्तातलं अँटीथ्रॉम्बिन हे साकळणं रोखणारं प्रथिन तिथे येऊन कामाला लागू शकतं. याला शास्त्रात ग्राफ्टिंगच म्हणतात आणि आपण कोकणातले लोक त्याला दुसरं काय म्हणणार, कलम! कोयीतून आलेल्या खुंटावर हापूसची काडी बांधतो तसंच, खाली खुंट प्लॅस्टिकचा, वर काडी हेपरिनची, आणि सांधा जुळला की काडी आपलं काम करायला मोकळी. मला हा शब्द इतका चपखल वाटतो की तंत्रज्ञांसाठी लिहिताना 'हेपरिनचं कलम केलेला पृष्ठभाग' असं मी बिनदिक्कत लिहीन.

'रक्तसुसंगत' चूक नाही, पण कागदी आहे. आपण म्हणतो ना, इथलं पाणी मला मानवत नाही, तसं 'रक्ताला मानवणारं' लिहा, घरातल्या म्हातारीलाही कळेल.

मी वाक्य असं करीन: 'या नळीत रक्त साकळू नये म्हणून तिला हेपरिन या औषधाचा लेप दिलेला आहे.' यातलं हेपरिन हे नाव मात्र 'विशेष लेप' वगैरे करून गाळू नका, काही जणांना हेपरिन चालत नाही, त्याने त्यांच्या प्लेटलेट्स उतरतात, आणि अशा पेशंटला ते नाव वाचूनच डॉक्टरला सांगायचं सुचेल.