परदेशी गाडी, गावचा मेकॅनिक

या महिन्यातली बरीच पत्रं परदेशी कंपन्यांच्या गाड्यांबद्दल होती. काही एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

फियाटची पुंटो किंवा लिनिया ज्याने चालवली तो आजही तिचं कौतुक करतो. मग या गाड्या खपल्या का नाहीत? युरोपातल्या कंपन्यांना आपलं गिऱ्हाईक कळतच नाही का?
– एक वाचक, कोल्हापूर

उदाहरण तुम्ही नेमकं काढलंत, कारण इथे इंजिनाला नावं ठेवायची सोयच नाही. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन मारुतीने परवाना घेऊन बनवलं आणि २००७ पासून डीडीआयएस नावाने स्विफ्टमध्ये घातलं. पुढे तेच डिझायरला, अर्टिगाला बसलं. टाटांच्या इंडिका व्हिस्टात त्याचं क्वाड्राजेट झालं, शेवरोलेच्या सेलमध्येही ते होतं. लोक त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम लागू झाले तोवर ते रस्त्यावर राज्य करत होतं. लाखो घरांनी फियाटच्या इंजिनाला पैसे मोजले, पण बॉनेटवर फियाटचा बिल्ला असला की तीच माणसं मागे सरकायची.

पहिलं कारण म्हणजे दुकान. २०१२ पर्यंत फियाटच्या गाड्या टाटांच्या डीलरांकडे विकल्या जात. एकाच छपराखाली व्हिस्टा आणि पुंटो उभी, इंजिनही तेच. सेल्समनच्या महिन्याच्या टार्गेटमध्ये जी गाडी जास्त, तीच तो दाखवणार. सर्व्हिसलाही तीच तऱ्हा: मेकॅनिकचा हात रोज टाटांच्या गाड्यांवर, पुंटो आली की त्याला मॅन्युअल उघडावं लागायचं. फियाटने स्वतःची शोरूम काढली तोवर बाजारात नाव खराब झालं होतं. दुसरं कारण किंमत. लिनिया साडेचार मीटरपेक्षा लांब, त्यामुळे छोट्या गाडीची करसवलत नाही (त्याबद्दल पुढे).

तिसरं कारण जुन्या आठवणींचं आहे आणि आमच्या मते तेच सगळ्यांत वजनदार. नव्वदीच्या दशकात कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ निघाली आणि काही वर्षांत कंपनी गुंडाळली गेली. देवूची सिएलो आणि मॅटिझ आली, कोरियातली मूळ कंपनीच बुडाली. ओपेलची अ‍ॅस्ट्रा, कोर्सा आली, मग २००६ मध्ये जनरल मोटर्सने ओपेल बंद करून शेवरोले पुढे केली. पुढे तीही २०१७ च्या अखेरीस गेली. प्रत्येक वेळी काही हजार कुटुंबांच्या अंगणात पार्ट न मिळणारी गाडी उभी राहिली. अशी गाडी एका गल्लीत एक असली तरी पुरते. त्या गल्लीत पुढची वीस वर्षं ‘मारुतीच घे’ हाच सल्ला मिळतो. तो सल्ला आडमुठा वाटेल, पण हिशेबी आहे: मारुतीचे चार हजारांवर सर्व्हिस सेंटर आहेत, आणि तालुक्याच्या गावी एअर फिल्टर किराणा दुकानातल्या साबणासारखा मिळतो.

गिऱ्हाईक परदेशी कंपन्यांना कळत नाही असंही नाही. ह्युंदाई १९९६ मध्ये आली, चेन्नईजवळ कारखाना टाकला, सोबत कोरियातले पार्ट बनवणारेही आणले आणि १९९८ मध्ये सँट्रो काढली. उंच छप्पर, आत वाकून बसावं लागत नाही, पार्ट इथलेच. दोन-तीन वर्षांत विकून मोकळं व्हायच्या तयारीने ती आली नव्हती, हे लोकांनी ओळखलं.

टेस्लाची मॉडेल वाय मुंबईत ६० लाखांना आणि अमेरिकेत सुमारे ४५ हजार डॉलरला. एवढा फरक कंपनी खाते का?
– एक वाचक, ठाणे

फरकाचा मोठा भाग सरकारी तिजोरीत जातो. जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात शोरूम उघडलं तेव्हा किंमत ५९.८९ लाखांपासून होती आणि गाड्या शांघायच्या कारखान्यातून तयार होऊन येत होत्या. तयार गाडी आणली, म्हणजे धंद्याच्या भाषेत सीबीयू, की आयात शुल्क वर्षानुवर्षं ६० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात राहिलं आहे.

टेस्ला विजेवर चालते, पण पद्धत कळायला पेट्रोल गाडीवर हिशेब करून बघा. बंदरात उतरलेली गाडी २० लाखांची आणि शुल्क ७० टक्के धरलं तर ३४ लाख. जीएसटी मूळ किमतीवर लागत नाही, शुल्क मिळवून झालेल्या ३४ लाखांवर लागतो. मोठ्या गाडीला सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, म्हणजे १३ लाख ६० हजार. झाले ४७ लाख ६० हजार. डीलरचं कमिशन, विमा आणि महाराष्ट्रातला रोड टॅक्स अजून बाकीच आहे. तीच गाडी सुट्या भागांच्या पेट्यांत, म्हणजे सीकेडी आणली तर शुल्क साधारण १५ टक्के. २० चे २३, त्यावर जीएसटी धरून ३२ लाख २० हजार, वर जोडणीचा खर्च. म्हणून मर्सिडीज चाकणला जोडली जाते आणि शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडा, ऑडीच्या पेट्या उघडल्या गेल्या. ब्रिटनशी २०२५ मध्ये झालेल्या करारात शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलंय, पण ठरावीक संख्येपुरतंच. सगळ्या गाड्या स्वस्त होतील म्हणून बुकिंग लांबवू नका.

चार मीटरचा नियम नेमका काय?
– एक वाचक, नांदेड

लांबी ४००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. या दोन्ही अटी पाळल्या तर आज १८ टक्के जीएसटी, एक जरी मोडली तर ४० टक्के. सवलतीची सुरुवात २००६ च्या अर्थसंकल्पातली. जागतिक बाजारासाठी आखलेली ४.१ मीटरची गाडी इथे जशीच्या तशी आणली की ती पहिल्याच दिवशी महाग ठरते. फोर्डने इकोस्पोर्ट ३९९९ मिलिमीटरला बसवली आणि २०१३ मध्ये तिच्यावर उड्या पडल्या. स्कोडाला अशी गाडी, कायलॅक, काढायला २०२४ उजाडलं. ती ३९९५ मिलिमीटरची आहे.

हॉर्न, मागचा एसी, काचेची बटणं असल्या बारीकसारीक गोष्टींवरून खरंच कोणी गाडी नाकारतं का?
– एक वाचक, नाशिक

नाकारतात. सिट्रोएन सी-३ २०२२ मध्ये आली तेव्हा मागच्या काचांची बटणं पुढच्या दोन सीटच्या मधे होती, आरसे हाताने फिरवायचे आणि मागच्या काचेला वायपर नाही. डॅटसन गो मध्ये तर म्युझिक सिस्टीमच्या जागी मोबाइल ठेवायचा स्टँड होता. शोरूममध्ये मागे सासू-सासरे बसलेले असतात आणि बहुतेक वेळा चेक त्यांचाच असतो.

माझ्या युरोपीय गाडीचा लोअर आर्मचा बुश गेला. सर्व्हिस सेंटर म्हणतं अख्खा आर्म बदला. हेडलाइटचा एक कान तुटला तर पूर्ण हेडलाइट. ही लूट नाही का?
– एक वाचक, सातारा

काही वेळा लूट, बऱ्याच वेळा पार्टच्या यादीची रचना. (लोअर आर्म म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी दांडी, बुश म्हणजे तिच्या सांध्यातलं रबर.) कंपनीने बुशला वेगळा पार्ट नंबरच दिला नसेल तर काउंटरवरचा माणूस तो मागवू शकत नाही, अख्खी असेंब्लीच मागवतो. युरोपात मजुरी महाग, त्यामुळे तिथे असेंब्ली बदलणं परवडतं. आपल्याकडे उलट: बुश काही शेकड्यांत, प्रेसवर दाबून बसवायची मजुरी तेवढीच, आणि आर्म काही हजारांत. फोर्डला आयकॉनच्या काळात ‘पार्ट महाग’ हा शिक्का याच कारणाने बसला. पुढे फिगोसाठी त्यांनी सुटे छोटे पार्ट वेगळे विकायला सुरुवात केली, पण शिक्का पुसायला वेळ लागला.

तुम्ही काय करायचं? चासी नंबर घ्या (१७ अक्षरं-आकड्यांचा, आरसीवर असतो, बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेखाली कोपऱ्यातही) आणि पार्ट नंबर लेखी मागा. मग त्या आर्मचा मूळ उत्पादक कोण ते बघा. कंपनीच्या डब्यातला पार्ट बरेचदा बॉश, व्हॅलिओ, लेमफोर्डर किंवा मानचाच असतो आणि त्यांच्या स्वतःच्या डब्यात स्वस्त पडतो. बुश बदलताना एक काळजी: बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळायचा नाही. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन बुशवर, तेव्हा शेवटचा टॉर्क द्यायचा. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं, लवकर फाटतं आणि ‘बाहेरचा माल टिकत नाही’ अशी बोंब होते. काम झालं की अलाइनमेंट करून घ्या.

हेडलाइटचा कान प्लास्टिक वेल्डिंगने जोडता येतो, पण काचेला तडा असेल तर पाणी आत जाणारच, तिथे जोडाजोडी नको. विम्यातून करणार असाल तर लक्षात ठेवा की साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. खऱ्या काचेवर काही कापत नाहीत. युरोपीय गाडीला झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापणारी पॉलिसी) घेतलं नाही तर एका बंपरमध्ये प्रीमियममध्ये वाचवलेले पैसे जातात.

नवी गाडी घेण्याआधी डीलरच्या पार्ट काउंटरवर सहा भाव विचारा: पुढचा बंपर, एक हेडलाइट, लोअर आर्म, एसी कॉम्प्रेसर, पुढची काच, क्लच सेट. डिझेल असेल तर क्लचसोबत ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाची थरथर शोषणारं दुहेरी चाक) आहे का ते विचारा. असलं तर क्लचचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. आणि हेही विचारा: यातले किती पार्ट आज शेल्फवर आहेत? ‘मागवावा लागेल’ हे उत्तर तीनदा आलं की बाहेर पडा.

डीएसजी गिअरबॉक्स ट्रॅफिकमध्ये खराब होतो म्हणतात. रोज पुणे-हिंजवडी. घेऊ का?
– एक वाचक, पुणे

कोणता डीएसजी (फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), त्यावर आहे. सात गिअरच्या डीक्यू-२०० मध्ये क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. मुंगीच्या पावलाने जाताना क्लच अर्धवट पकडीत घासत राहतो आणि तापतो. शेजारी मेकाट्रॉनिक म्हणजे गिअर बदलणारं हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक डोकं असतं. त्यातला दाब गेला की डिस्प्लेवर गिअरची अक्षरं लुकलुकतात, रिव्हर्स पडत नाही. मेकाट्रॉनिक बदलणं लाखाच्या घरातलं काम आहे. क्लच असा घासत चालवणं जर्मन हायवेवर क्वचित, आणि हिंजवडीच्या चौकात रोजचं.

चालवताना पुढच्या गाडीला चिकटून दर दोन फुटांनी सरकू नका. दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे जा. थांबल्यावर ब्रेक नीट दाबा. नुसता टेकवलेला ब्रेक असेल तर क्लच पुढे ओढत राहतो. चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवणं हा तर क्लच जाळायचा खात्रीचा मार्ग.

टेस्ट ड्राइव्हला पार्किंगचा रॅम्प शोधा आणि उलटी गाडी चढवा. थरथर जाणवली तर नको. ओल्या क्लचच्या डीक्यू-२५० ला हा त्रास कमी, पण दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावाच लागतो. जुनी घेताना ते बिल मागा. आणि कुशाक किंवा टायगुन बघत असाल तर १.० लिटरच्या ऑटोमॅटिकला साधा टॉर्क कन्व्हर्टर (कोरड्या क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा) आहे, डीएसजी १.५ ला. रोजच्या कोंडीसाठी आम्ही १.० सुचवू.

फोर्डने इथलं उत्पादन बंद केलं. जुनी इकोस्पोर्ट स्वस्तात मिळतेय. घ्यावी?
– एक वाचक, रत्नागिरी

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये ते जाहीर केलं, साणंदचा कारखाना पुढे टाटांनी घेतला. आधीच्या ग्राहकांसाठी पार्ट आणि सर्व्हिस चालू ठेवायचं कंपनीने तेव्हाच सांगितलं. तेलपाण्याचा, ब्रेक पॅडचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो डिकीचा दरवाजा, मागचा दिवा, वायरिंग, बॉडी कंट्रोल मॉड्यूल अशा फक्त त्याच गाडीच्या पार्टचा. रत्नागिरीहून जवळचं फोर्डचं सेंटर किती किलोमीटरवर आहे ते आधी मोजा.

इंजिन १.५ लिटर डिझेल असेल तर बिनधास्त बघा. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, नसेल तर बदललेला नाही असंच धरा. १.० इकोबूस्ट पेट्रोलपासून मात्र सावध: तिचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्येच फिरतो. ५डब्ल्यू-२० चं फोर्डने सांगितलेलं ऑइल सोडून गॅरेजमध्ये जे हाताला लागेल ते ओतलं असेल तर बेल्टचं रबर फुगतं, त्याचा भुगा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि इंजिन कोरडं पडतं. ऑइलचं झाकण काढून आत टॉर्चने बघा. काळे रबरी कण दिसले तर तिथूनच परत फिरा.

विम्याचं एक: कंपनीने बंद केलेल्या मॉडेलची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) नेहमीच्या तक्त्याने ठरत नाही, तुमच्या आणि विमा कंपनीच्या संमतीने ठरते. एजंटने भरलेला पहिला आकडा मान्य करू नका. ओएलएक्सवर तुमच्या वर्षाच्या, तेवढ्याच किलोमीटरच्या चार गाड्यांचे भाव काढून त्याच्यासमोर ठेवा.