रात्री सव्वादोनला कुठली भांडी गं?

*मावशी, माझा दादा म्युनिकला असतो. मेमध्ये तीन आठवडे आला होता. घरात रोज आमरस, मग बेडेकरांची मिसळ, सुजाताची मस्तानी, सिंहगडावर पिठलं-भाकरी, खडकवासल्याला भजी, सगळं त्याच्यासाठी. आईबाबा नुसते खूश. वर्षभर डॉक्टर, बँक, गॅस मी बघते, माझ्यासाठी कोणी आंबे पिळत नाही. फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगच्या फायनलला तो आणि बाबा सोफ्यावर, मी भांडी घासत. पाचवा गोल झाला तेव्हा दारात उभी होते, उगाच बालेवाडी आठवलं. तो परत गेला तरी राग जात नाहीये. – कोथरूडची धाकटी (२७)*

धाकटे,

डॉक्टर, बँक, गॅस सगळं खरं असणार, त्यावर मी वाद घालत नाही, आणि "बिच्चारी गं" पण म्हणणार नाही, ते म्हणायला तुझ्या ऑफिसात मैत्रिणी असतीलच. मी अडकले त्या पाचव्या गोलवर.

३१ मे २०२५ची फायनल, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली, पॅरिसवाल्यांनी इटलीच्या इंटर मिलानला ५-० धुतलं. पाचवा गोल ८६व्या मिनिटाला, मायुलू म्हणून एकोणीस वर्षांचं पोरगं, नुकतंच मैदानात उतरलेलं. म्हणजे हाफटाइम धरून आपल्या घड्याळात सव्वादोन. सव्वादोनला कुठली भांडी घासत होतीस गं? ज्याला मॅचशी घेणंदेणं नाही तो कधीच पंखा पाचवर करून झोपलेला असतो, आणि गोल तिसरा का पाचवा याच्याशी त्याला काय करायचंय? तू आधीचे चार मोजलेस. नळ बारीक करून मोजलेस, कारण मोठा सोडला की कॉमेंट्री ऐकू येत नाही, मला माहितीये, मी पण ओट्याशी उभं राहून आख्ख्या मालिका ऐकल्यात.

आणि बालेवाडी म्हणे उगाच आठवलं. २०१४ला तू सोळाची, पुण्याची फुटबॉल टीम नवीकोरी, आणि फ्रान्सकडून वर्ल्ड कप जिंकलेला ट्रेझेगे चक्क आपल्या बालेवाडीच्या स्टेडियममध्ये खेळत होता! दादाच्या गाडीवर मागे बसून गेली असशील, येताना घसा बसलेला. मग २०१९ला ती टीमच बंद झाली, दादा तिकडे गेला, आणि तू आमरसाच्या वाट्या मोजत बसलीस.

आमरस पातेल्यातून वाढून घ्यायचा असतो, त्याला निमंत्रण लागत नाही. तुला लागलंय ते सोफ्याचं. "ये बस" कोणी म्हणालं नाही, पण तू तरी कुठे सरक म्हणालीस? ओट्याशी उभी राहिलीस, की कोणीतरी बघेल आणि म्हणेल अगं राहू दे ते. नाही बघितलं कोणी. मॅच चालू असताना या लोकांना समोरून हत्ती गेला तरी दिसत नाही, त्यात पाच गोल.

बरं, ती फायनल होती कुठे? म्युनिकला! ह्याच्या गावात फायनल आणि हा कोथरूडला सोफ्यावर लोळतोय, यावरून त्याला रात्रभर पिडायला हवं होतं, आणि ते काम बाबांना जमणारं नाही, ते बहिणीचंच. नुसत्या फुगण्यापायी तू ते घालवलंस याचा मला खरंच राग आलाय.

तर आज रात्री त्याला फोन कर. तिकडे साडेतीन तास मागे आहे, आपली जेवणं आटोपली की त्याची संध्याकाळच असेल. बँक आणि गॅस आज काढायचं नाही, ते पण त्याला ऐकवायचंच आहे पण दुसऱ्या दिवशी. आज एवढंच सांग, की पुढच्या वर्षी, २०२६ला, ११ जूनपासून वर्ल्ड कप आहे, अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोत, म्हणजे आपल्याकडे रात्री-अपरात्री जागरणं, तर सुट्टी मेमध्ये न टाकता जूनमध्ये टाक. तोवर हापूस संपलेला असेल, आई कुरकुर करेल, करू दे. पहिल्या रात्रीचा चहा तो करेल हेही आत्ताच ठरवून घे, नंतर टाळतात. भांडी सकाळपर्यंत सिंकमध्ये पडू देत.

आणि काय गं, त्या रात्री तू पॅरिसकडून होतीस का इंटरकडून, ते लिहिलंच नाहीस.