कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात

एप्रिल लागला की या सदराला विदर्भातून पत्रं वाढतात, आणि पाऊस पडला की मुंबई-कोकणातून. विषय एकच, करंट. या महिन्यात दोन्हीकडची आलीत म्हणून एकत्रच घेतो.

आमचा लोखंडी बॉडीचा जुना कूलर आहे. पाणी भरताना बॉडीला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. घरातले म्हणतात चप्पल घालून हात लाव, काही होत नाही. मागच्या वर्षीही असंच होतं. कूलर बदलावा का? (एक वाचक, अकोला)

बदलायचं नंतर बघू, आधी प्लग काढा. आत्ता चालू असेल तर उठून काढा, बाकीचं मग वाचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये कितीतरी ठिकाणी बटण फेजवर (करंट आणणाऱ्या वायरवर) न टाकता न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या वायरवर) टाकलेलं असतं, म्हणजे पंखा बंद दिसतो पण करंट आतपर्यंत आलेलाच असतो.

कूलरमध्ये माझा पहिला संशय नेहमी पाण्याच्या पंपावर. तो टाकीत बुडालेला, त्याची वायर आठ महिने माळ्यावर दुमडून पडलेली, कधी उंदरानं कुरतडलेली, आणि मार्चमध्ये आपण त्यावर टेप गुंडाळतो आणि परत पाण्यात सोडतो. टेप पाण्यात टिकत नाही हो. दुसरं म्हणजे तुमचा प्लग बघा, एकतर दोन पिनचा असेल नाहीतर तीन पिनचा असून आतली हिरवी वायर कुणीतरी कापून टाकलेली असेल. तीन पिनमधली ती वरची जाड पिन बाकी दोघींपेक्षा लांब असते, का, तर प्लग घालताना अर्थिंग, म्हणजे बॉडीत उतरलेल्या करंटला जमिनीत जायची वाट, आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. ती वाटच नसेल तर बॉडीत उतरलेला करंट जमिनीत जायला तुमच्या हाताची आणि ओल्या पायांची वाट बघत बसतो.

चप्पल कोरडी होती म्हणून मागचं वर्ष निभावलं. यंदा ती ओली असेल, किंवा घरातलं लहान पोर अनवाणी येऊन जाळीला हात लावेल. पंप आणि त्याची अख्खी वायर नवीन टाका, कूलरला तीन कोअरची वायर ओढून हिरवी वायर बॉडीला बोल्टनं घट्ट कसा, आणि बोल्टखालचा रंग आधी खरवडा, रंगावर कसलेलं अर्थिंग नुसतं दिसायला असतं. पाणी भरायचं ते प्लग काढूनच, पाइप आत सोडून पंखा चालू ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, ती आधी मोडा.

घरात सगळीकडे एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) आहेत, मग ईएलसीबीचा वेगळा खर्च कशाला? आणि आमच्या चाळीत अर्थिंग नाही म्हणून वायरमननं सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला एक तुकडा जोडून दिलाय, चालेल ना? (एक वाचक, नाशिक)

दुसऱ्याचं आधी सांगतो, अजिबात नाही चालणार. तो तुकडा आजच काढून घ्या. मागे कुठे न्यूट्रल सुटला, आणि जुन्या मीटर बोर्डात तो सुटतोच, की फ्रिजमधून फिरून आलेला करंट त्याच तुकड्यावरून फ्रिजच्या दाराला येतो, पुरे 230 व्होल्ट. फ्रिजमध्ये काहीही बिघाड नसताना! अर्थिंग नसणं वाईटच, पण हे खोटं अर्थिंग त्याहून वाईट, कारण आपण निर्धास्त राहतो.

आता एमसीबी. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. 9 वॉटचा एलईडी बल्ब 40 मिलीअँपिअरच्या आसपास तरी करंट घेतो, आणि तेवढा करंट छातीतून काही क्षण गेला तर हृदय बंद पडू शकतं. 16 अँपिअरच्या एमसीबीला एवढ्याचा पत्ताही लागत नाही, त्याच्या लेखी घरात एक बल्ब लागला. ईएलसीबी (दुकानात आता आरसीसीबी म्हणून मिळतो) फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत आला का ते बघत असतो, आणि फरक 30 मिलीअँपिअरपर्यंत गेला की क्षणात बंद पाडतो. घरासाठी 30चाच घ्या. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, पण ते दाबल्यावर पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं नाही, अर्थिंग नसलं तरी ते बटण काम करतं.

पाऊस सुरू झाला की आमचा ईएलसीबी दिवसातून चारदा पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणाला खराब झालाय, आणि डायरेक्ट करून गेला. आता लाईट जात नाही पण मनात धाकधूक आहे. (एक वाचक, ठाणे)

धाकधूक बरोबर आहे. खराब असेलही, पण फक्त पावसातच पडतो म्हणताय तर तो बहुतेक त्याचं काम करतोय, कुठेतरी ओल आत शिरलीय. बाल्कनीतलं सॉकेट, गॅलरीतला दिवा, भिंतीला ओल असेल तिथला बोर्ड, इथे आधी बघा. आधी ईएलसीबी परत जोडून घ्या, मग सगळे एमसीबी खाली करून तो वर करा आणि एकेक एमसीबी चढवत जा, ज्याला पडला ती लाईन. सगळे खाली असतानाही पडत असेल तर बहुतेक न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय, ते शोधणं लायसनवाल्या वायरमनचं काम. ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणणाऱ्याला परत बोलवू नका.

अंगणात कपडे वाळत घालायची तार बदलायचीय. प्लॅस्टिक कोटिंगची तार चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

नको. कोटिंग उन्हानं तडकतं आणि खिळ्यापाशी तर पहिल्याच वर्षी सोलतं. नायलॉनची दोरी घ्या. तारेचं एक टोक पत्र्याच्या शेडला बांधलेलं असतं, त्याच पत्र्यावरून मीटरची सर्व्हिस वायर (खांबावरून मीटरला येणारी) घासत गेलेली असते, आणि पहिल्या पावसात ओला टॉवेल टाकायला गेलेला माणूस तिथेच चिकटतो. ओढायला गेलेला दुसराही. म्हणून असं काही झालंच तर अंगाला हात लावू नका, आणि मेन स्विच पाडला म्हणजे झालं असंही समजू नका, सर्व्हिस वायर त्याच्या आधीची असते, तिचा करंट त्यानं बंद होत नाही; रबरी चप्पल घालून कोरड्या बांबूनं तार बाजूला करा, मग 108ला फोन. पत्र्यावरून गेलेल्या सर्व्हिस वायरची तक्रार वीज कंपनीच्या 1912 या नंबरवर करता येते, ती मात्र दोरी आणायच्या आधी करा.